फक्कीवाले शिरसाट

शिरसाटसाहेब तंबाखू खात नाहीत, तरी त्यांच्या खिशात चुन्याची डबी असते. दुपारी जेवायला बसलो की ते डबी उघडतात, करंगळीला चुना लावतात आणि टेबलावर त्यांचा डबा आणि माझा डबा यांच्या मधोमध एक पांढरी रेघ ओढतात. "हे तुमचं, हे माझं. आता भाजी मागा, आनंदानं देतो. पण हद्द पायजे, मॅडम." एवढं बोलून माझ्या हद्दीतलं लोणचं न विचारता उचलतात.

आम्ही दोघं जमीन मोजणीच्या कार्यालयात आहोत. ते गावोगाव हिंडून मोजणी करतात आणि मी इथं शहरात, पंख्याखाली बसून, त्यांनी आणलेलं संगणकावर जोडते. हल्ली गावातल्या घरांची मोजणी ड्रोननं होते. आदल्या दिवशी गावात जायचं, शेजाऱ्या-शेजाऱ्यांना समोरासमोर उभं करायचं आणि दोघांच्या संमतीनं प्रत्येक घराभोवती चुन्याच्या फक्कीची रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी ड्रोन वरून फोटो काढतं. फोटोत त्या रेघा दिसतात, त्यावरून मी नकाशा काढते, आणि ज्या घराला आजवर कसलाच कागद नव्हता त्याला सरकारी कागद मिळतो. काम म्हटलं तर एवढंच. पण शिरसाटसाहेबांच्या ते अंगात भिनलंय.

एकदा औरंगपुऱ्याच्या बाजारात बायकोला साडी घ्यायला घेऊन गेले. दुकानासमोर स्कूटर लावली, डिकीतून फक्कीची पिशवी काढली आणि भर गर्दीत स्कूटरभोवती ऐसपैस चौकोन आखला. दुकानदार धावत बाहेर आला. "चचा, ये क्या कर रहे?" साहेब म्हणाले, "हद्द है. हटाना नहीं." तासाभरानं बाहेर येऊन बघतात तर त्यांच्या चौकोनात आणखी तीन गाड्या ओळीनं उभ्या! लोकांना वाटलं, महापालिकेनं नवीन पार्किंग केलंय. एका गाडीवाल्यानं तर साहेबांनाच दटावलं, "काका, आत घ्या जरा, रेघेच्या बाहेर चाललीय तुमची." साहेब रागावतील असं मला वाटलं होतं. छे! सोमवारी ही हकीकत सांगताना त्यांची छाती फुगली होती. "बघा मॅडम, रेघ दिसली की माणूस सुधारतो."

ड्रोन आल्यापासून त्यांना दुसरं एक वेड लागलंय. ते सगळं वरून बघतात. कार्यालयात कोणी भांडलं की म्हणतात, "वरून बघा, वरून! वरून दोघंपण सारखेच दिसतायत." आमच्या वरिष्ठांना ते चेहऱ्यावरून कमी आणि टकलावरून जास्त ओळखतात, असा माझा संशय आहे. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी गच्ची बघितली आणि खाली येऊन म्हणाले, "आग्नेय कोपऱ्यात पापड वाळतायत, तिथं सावली येती दुपारून. वायव्येला सरकवा." त्यांच्या पत्नी मंदाताई मला म्हणाल्या, "या माणसाला वरचं सगळं दिसतंय हो. खाली गॅसवर दूध उतू चाललंय ते तेवढं दिसत नाय."

त्यांचं गाव सिल्लोडच्या बाजूला आहे. त्या गावाची पाळी आली तेव्हा त्यांनी मला जीपमध्ये जवळजवळ ढकललंच. "एकदा तरी खाली उतरून बघा, मॅडम. नुसतं माऊस हलवून गाव कळत नसतंय."

गावात उतरल्यावर मला त्यांचा आग्रह कळला. मधून एक नाला जातो. अलीकडं जुनं गाव आणि पलीकडं एक वस्ती, वस्तीच्या मधोमध लहानसं विहार, त्याला सिमेंटचा ओटा. शिरसाटसाहेब त्या वस्तीत जन्मले. निजामाच्या काळातल्या नकाशात गाव नाल्यापाशी संपतं. पलीकडं नुसता कोरा कागद. तीन-चार पिढ्या तिथं चुली पेटल्या, लग्नं झाली, पोरं शिकून नोकरीला लागली, पण एकाही घराला कोणाच्या नावाचा कागद नाही. ही वस्ती मोजणीत धरावी म्हणून साहेबांनी वरपर्यंत हेलपाटे घातले होते, वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती, आणि शेवटी मंजुरी आणली होती. आता सगळं एका दिवसावर आलं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत रेघा मारून झाल्या. मग साहेब विहाराच्या ओट्यावर चढले आणि त्यांनी भाषण ठोकलं. "मायबहिणींनो, उद्या सरकार आपली वस्ती वरून बघणार हाय! आजपर्यंत कोणी बघितली नाय, उद्या बघणार. एकपण घर सुटाय नको!" टाळ्या पडल्या. गयाकाकू नावाच्या म्हातारीनं, जिनं साहेबांना लहानपणी खेळवलं होतं, त्यांच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. साहेब लाजले.

आणि त्या भाषणानंच घात केला.

सकाळी आम्ही पोचलो तर वस्ती नुसती लखलखत होती. सरकार बघणार म्हटल्यावर बायका पहाटेच उठल्या होत्या. झाडलोट झाली होती, सडे पडले होते, अंगणं सारवली होती, दारोदार मोर आणि कमळं काढली होती. चुन्याची एक रेघ शिल्लक नव्हती! नाल्याअलीकडं, जिथं भाषण झालं नव्हतं, तिथं रेघा जशाच्या तशा होत्या.

शिरसाटसाहेबांनी सारवलेल्या अंगणाकडं बोट केलं. "काकू... रेघा?"

गयाकाकू खराटा घेऊन उभ्या होत्या. "बाळू, तूच म्हनला ना सरकार बघनार? मंग पाव्हना येनार म्हनल्यावर दारात चुना सांडून ठिवावा का?"

ड्रोनवाल्यांनी घड्याळ दाखवलं. गावाचे फोटो झाले की तासाभरात वस्तीचे घ्यायचे, आणि दुपारी त्यांना फर्दापूरकडं पोचायचं होतं. रेघा नसल्या तर वस्ती पुढच्या फेरीत. पुढची फेरी कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. चुनाही अर्ध्या पोत्याच्या वर नव्हता. साहेब ओट्यावर बसले आणि डोकं दोन्ही हातांत धरलं. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"रडतो काय भाड्या," गयाकाकू म्हणाल्या. "रेघ कशी पायजे ते सांग. जाड का बारीक?"

"जाड. मनगटाएवढी."

"मंग ऊठ की! चुना कमी पडला तर रांगोळी हाय. रांगोळी सरली तर पीठ हाय."

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते मला कधी विसरायचं नाही. पुरुषांनी कालच्या हद्दींवर सुतळ्या ताणल्या आणि बायका कमरेत वाकून, उलट्या चालत, मुठीतून पांढरी धार सोडत निघाल्या. हात असे बसलेले की रेघ कुठं तुटेना, कुठं जाड-बारीक होईना. दोन जावा एकमेकींशी वर्षानुवर्षं बोलत नव्हत्या, त्या मधल्या हद्दीची रेघ दोन टोकांकडून काढत आल्या आणि मध्यावर डोक्याला डोकं लागलं. "सरक," एक म्हणाली. "तू सरक," दुसरी म्हणाली. आणि दोघी फसकन हसल्या. एका मुलीनं हद्दीच्या चारही कोपऱ्यांवर कमळं काढली. साहेब ओरडले, "कमळ नको!" ती म्हणाली, "कोपरा कळाय नको का, मामा?" साहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ठेव."

ड्रोन घोंघावत नाल्यावरून अलीकडून पलीकडं आलं तेव्हा सगळ्या बायांनी पदर सारखे केले आणि वर बघितलं. गयाकाकूंनी हात जोडून "जयभीम" म्हटलं. मला इतका अभिमान वाटला, जसं काही मीच त्या वस्तीत जन्मले होते. मी साहेबांना शोधलं, तर ते कुठं दिसेनात. गेले असतील ड्रोनवाल्याच्या डोक्यावर बसायला, असं म्हणून मी सोडून दिलं.

काही दिवसांनी फोटो माझ्या संगणकावर आले. नाल्यापलीकडचा तो कोरा कागद आता घरांनी भरला होता. लख्ख पांढऱ्या रेघा, सरळ, न तुटलेल्या. आमच्या वरिष्ठांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "एवढ्या सुबक रेघा कुठल्या गावात आल्या नाहीत. कोणी काढल्या?" शिरसाटसाहेब म्हणाले, "आमच्या बायांनी." आणि दाराबाहेर जाऊन नाक शिंकरून आले.

संध्याकाळी मी एकेक घर मोठं करून बघत होते. गयाकाकूंच्या घराला लागून एक मोकळी जागा होती. भोवती रेघ होती, आत पडक्या घराचं दगडी जोतं. आणि त्या जोत्यात, एका कोपऱ्याशी, एक माणूस मांडी घालून बसला होता. पांढरा सदरा, मांडीवर टोपी. फोटो वरून काढलेला, चेहरा काही दिसत नव्हता. पण ते डोकं, ते खांदे मी रोज दुपारी समोर बघते.

"साहेब, हे तुम्ही?"

ते माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. मग पडद्यावर त्या माणसाच्या शेजारी हळूच बोट टेकवलं.

"इथं आईची चूल व्हती. ती गेली, घर पडलं, आता नुसतं जोतं राहिलंय." त्यांनी बोट तिथंच ठेवलं. "सरकार पहिल्यांदाच आमच्या दारात येत व्हतं, मॅडम. घरात कोणीच नाय असं कसं दिसू द्यायचं?"