खांद्याच्या खालची रोषणाई

घराची रोषणाई घरातल्या माणसांसाठी असते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, कारण घरात बसलेल्याला आपलं घर बाहेरून दिसतच नाही. रोषणाई समोरच्यांसाठी असते, आणि समोरचे म्हणजे आम्ही. म्हणूनच सुट्ट्यांच्या हंगामासाठी आमच्या गल्लीने सजावट समिती नेमली आहे. तिचे सर्व सभासद आपापल्या खिडकीत बसून काम करतात आणि शेवटी बक्षिसं देतात. (मी चिटणीस. माझी खिडकी सर्वांत मोठी.)

समितीचा मूळ नियम असा की ज्याने त्याने आपलं घर आपणच सजवावं. मदतीने माणसाचा स्वाभिमान दुखावतो, आणि आम्ही स्वाभिमानाला फार जपतो, विशेषतः दुसऱ्याच्या. मात्र आपुलकी टिकावी म्हणून "काही लागलं तर हक्काने सांगा" हे वाक्य प्रत्येकावर बंधनकारक आहे. समितीच्या पाहणीनुसार नव्वद टक्के लोक ते चालता चालता म्हणतात, उरलेले फोनवर. थांबून म्हटल्यास समोरचा खरोखरच काहीतरी सांगण्याचा धोका संभवतो.

यंदा प्रश्न उभा राहिला समोरच्या टायपिंगबाईंचा. आयुष्यभर टायपिंगचे वर्ग घेतले, म्हणून टायपिंगबाई. नवरा असताना तो शिडीवर चढायचा आणि बाई खालून चुका काढायच्या. आता त्या एकट्या. शिवाय हृदयाच्या डॉक्टरांनी शिडी बंद केलेली, आणि हात खांद्याच्या वर न्यायलाही मनाई. अशात मुलाचा फोन आला. (बाई फोन अंगणात स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे समितीला चोरून ऐकावं लागत नाही.)

"आई, सुट्टीत मी येतोय. माळा लागलेल्या दिसल्या तर राहा एकटी, मी काही बोलणार नाही. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे चलायचं. हट्ट नको."

"तू ये तर खरा," बाई म्हणाल्या आणि खुर्ची घेऊन फाटकापाशी बसल्या.

त्यांची कार्यपद्धती नमूद करण्याजोगी आहे. बसायचं, हात पोचेल तेवढी माळ कुंपणाला बांधायची, दम खायचा, खुर्ची पुढे ओढायची, पुन्हा दम खायचा. माळ बांधण्यापेक्षा खुर्ची ओढण्यातच जास्त दम जात होता. सभासदांनी येता-जाता नियमाचं काटेकोर पालन केलं. कोषाध्यक्षांना बाई एकदा म्हणाल्याही, "अहो, ही खुर्ची जरा पुढे..." पण तोवर कोषाध्यक्ष वळणावर पोचले होते.

आठवडा गेला, पण काम तडीस गेलं. कुंपण, कुंड्या, दाराची कडी, सगळं लखलखत होतं. खांद्याच्या वर मात्र काळोख. याला अर्धवट काम म्हणावं की शैली, यावर समितीत बरंच रण माजलं. अखेर अध्यक्षांनी ही 'संयत सजावट' असल्याचा निर्वाळा दिला आणि पहिलं बक्षीस बाईंना गेलं. दुसऱ्याच दिवशी बँकेतल्या साहेबांनी गच्चीवरच्या माळा खाली उतरवल्या. पाठोपाठ धडधाकट माणसांची अख्खी गल्ली स्टुलावर बसून कुंपणं सजवू लागली. (साहेबांच्या कमरेत उसण भरली. फॅशन म्हटली की सोसावं लागतं.)

बाईंनी मोठ्या ऐटीत मुलाला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला.

"पहिलं बक्षीस? आई, कमाल आहेस तू! अगं, तू तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहेस. मी उगाच काळजी करत होतो. मग आता नाही येत, तिकीट रद्द करतो. पुढच्या वर्षी नक्की."

"हो, उगाच कशाला दगदग," बाई म्हणाल्या.

कुलूप टळलं, घर राहिलं. बाई आत गेल्या आणि मुलाच्या पलंगावर घातलेली धुतलेली चादर काढून तिची घडी करत बसल्या. (दिवे खालीच असल्याने आतलं छान दिसतं.) मला वाईट वाटलं, अगदी गलबलून आलं. राहवेना, तेव्हा मी खिडकी उघडून मोठ्याने म्हणालो, "बाई, काही लागलं तर हक्काने सांगा!"

आता तुम्ही मला नावं ठेवाल. जरूर ठेवा. पण एवढा वेळ तुम्हीही बसून बघतच होतात, आणि मध्ये दोनदा हसलातही. तेव्हा समितीत आपलं स्वागत आहे. खिडकीजवळची जागा तुम्ही धरलेलीच आहे.