मारुतरावांच्या अर्जाची ब्लू टिक

चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात रजेचा अर्ज कागदावर घेणे बंद झाले. कागद वाचवण्यासाठी हा निर्णय घेण्यात येत आहे, अशी नोटीस चौदा प्रतींत छापून सगळीकडे डकवण्यात आली. यापुढे कामगाराने साहेबाच्या मोबाइलवर मेसेज करायचा. ब्लू टिक आली की अर्ज पोहोचला असे धरायचे, आणि चोवीस तासांत लेखी कारणासह नकार आला नाही तर रजा मंजूर. कामगारांच्या इतक्या सोयीचा नियम कुठल्याही कंपनीत चुकूनच होतो.

ही चूक साहेबलोकांच्या ध्यानात यायला दीड दिवस लागला. मग सर्वांनी सेटिंगमध्ये जाऊन ब्लू टिक बंद केली.

मारुतराव पत्रा दाबण्याच्या प्रेस शॉपमध्ये अकरा वर्षे कॉन्ट्रॅक्टवर होते. मूळचे लातूरकडचे, राहायला रहाटणीत. मुलगी योगिनी हिचा साखरपुडा गुरुवारी सकाळी अकराला ठरला होता. सोमवारी त्यांनी मेसेज केला. टिक करडी ती करडीच राहिली. मंगळवारी ते आपले साहेब धनेश सर यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, माझा अर्ज वाचला का?"

"वाचला की! अभिनंदन राव. जावई हिंजवडीला आहे म्हणता, पोरीनं नशीब काढलं. हॉल कुठला घेतला?"

"काळेवाडीचा. मग रजा?"

"कसली रजा? अर्ज कुठं पोहोचलाय अजून?"

"आत्ताच वाचला म्हणलात की हो!"

"मी वाचलाय. मोबाइलनं कुठं वाचलाय?" धनेश सरांच्या आवाजात खरी हळहळ होती.

"मग ती टिक चालू करा की सर. एक बटण तर दाबायचंय."

"कंपनीचा मोबाइल आहे, भाऊ. सेटिंग बदलायला आपल्या हिंजवडीच्या हेड ऑफिसची परवानगी लागते."

बंद करायला कुणाची परवानगी लागली होती, हे विचारण्याइतके मारुतराव नवखे नव्हते. त्यांनी तक्रार नोंदवली.

हेड ऑफिसात तक्रारी बघणाऱ्या उत्कर्षा मॅडम फारच तत्पर निघाल्या. खात्री करण्यासाठी त्यांनी मारुतरावांच्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला, मुदत दहा मिनिटे. कामगारांचे मोबाइल मात्र शिफ्ट सुटेपर्यंत गेटवरच्या कप्प्यात जमा असतात. असे चार कोड कप्प्यातच वारले. तक्रार बंद केल्याचा आकडा मॅडमनाही वर दाखवायचा होता, म्हणून शेवटी त्यांनी कोडाचा नाद सोडला, समस्त साहेबांची ब्लू टिक तिकडूनच चालू केली आणि सेटिंगला कुलूप घातले. आधीच वाचून झालेल्या अर्जांची टिक मात्र करडीच राहिली.

बुधवारी सकाळी कंपनीत हाहाकार उडाला. मेसेज उघडला की टिक, आणि टिक पडली की रजा! साहेबांनी मेसेज उघडणेच सोडून दिले. पण कामाचे मेसेजही त्यातच येत होते. तातडीच्या बैठकीत असे ठरले की, मेसेज आल्यावर स्क्रीनवर वरून जी पट्टी उतरते, तेवढीच वाचून तोंडी कळवण्यासाठी एक जबाबदार माणूस नेमावा. पदनाम संदेश निरीक्षक. मेसेजची किंमत ज्याला कळली आहे असा एकच माणूस प्रत्येकाला आठवला.

"अकरा वर्षं उभं राहून काढलीत," धनेश सर म्हणाले, "आता एसीत खुर्ची. मोबाइलही जवळ ठेवायचा. आणि महिन्याभरात पर्मनंटचं बघू."

"सर, उद्याची माझी रजा..."

"नव्या पदावर पहिला आठवडा रजा नसते. पण तुमचा अर्ज आता तुम्हीच वाचून दाखवू शकता. आम्ही ऐकू."

मारुतरावांनी खुर्चीकडे पाहिले. तिला पाठ होती, हात होते, खाली चाकेही होती. पोरीला काय सांगायचे ते उद्या बघू, असे म्हणून ते बसले.

गुरुवारी टेबलावर साहेबांचे नऊ मोबाइल आणि दहावा त्यांचा. पावणेअकराला दहाव्यावर पट्टी उतरली. 'पप्पा, निघालात का? गुरुजी थांबलेत. तुम्ही नसाल तर मी...' पट्टीत एवढेच मावत होते. पुढचे वाचायला मेसेज उघडावा लागला असता, आणि उघडला असता तर बापाने वाचल्याचे पोरीला कळले असते. मारुतरावांना रडू आले. रडत रडतच त्यांनी बोटाने पट्टी बाजूला सारली.

साखरपुडा चुलत्याने उरकला. संध्याकाळी घरी गेल्यावर मारुतराव म्हणाले, "मोबाइल गेटवर जमा होता गं, योगे." योगिनीने मान हलवली. तिने मेसेजात पुढे काय लिहिले होते, ते त्यांनी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

आता तुम्ही धनेश सरांना शिव्या घालाल, मारुतरावांनाही नावे ठेवाल. खुशाल ठेवा. पण ही गोष्ट वाचताना मघाशी तुमच्या स्क्रीनवरही एक पट्टी उतरली होती, बहुतेक आईची. ती तुम्ही कुठल्या बाजूला सारलीत?