बाईंची श्रवणपद्धती

भूगोलाच्या बाईंना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. हे फक्त त्यांच्या नवऱ्याला ठाऊक होतं. "अगं, कान दाखवून ये एकदा," असं तो अधूनमधून म्हणायचा आणि बाई "हो, आणते येताना," म्हणून निघून जायच्या.

शाळेत मात्र त्यांनी तीन नियम घालून दिले होते. बोलणाऱ्याने उभं राहून, बाईंकडे तोंड करून बोलायचं. एका वेळी एकानेच बोलायचं. आणि कोणी प्रश्न विचारला, की शेजारच्याने तो मोठ्याने पुन्हा सांगायचा; मगच उत्तर. दोन महिन्यांत सातवीचा वर्ग असा कान टवकारून बसू लागला, की मुख्याध्यापिका दारातच थबकल्या.

"बाई, ही मुलं चक्क एकमेकांचं ऐकतायत."

"लागली हळूहळू सवय," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी कौतुकाने शिक्षण खात्याच्या साहेबांना बोलावलं. साहेब अर्धा तास मागच्या बाकावर बसले आणि निघताना बाईंच्या डाव्या बाजूने चालत काहीतरी बोलले. बाईंना 'चाळीस' आणि 'शनिवार' एवढंच कळलं. साहेब हसत होते, म्हणून बाईही हसल्या. "आपण म्हणाल तसं," त्या म्हणाल्या.

आठवड्याने पत्र आलं. वर्गात ऐकण्याचं कौशल्य कसं शिकवावं, यावर शनिवारी बाई चाळीस शिक्षकांना मार्गदर्शन करणार होत्या.

"आता बिंग फुटणार," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "वीस वर्षं नोकरी केली, आणि लोक म्हणणार, बहिरी बाई ऐकायला शिकवते."

"मग तूच सांगून टाक की," उजवीकडे बसलेला नवरा म्हणाला. हे मात्र बाईंना स्पष्ट ऐकू आलं आणि मुळीच आवडलं नाही.

शनिवारी सभागृहात शिक्षक ऐसपैस पांगून बसले होते. बाई बोलू लागल्या. माना डोलत होत्या, कोणी वहीत लिहीतही होतं. बाईंना धीर आला. वीसेक मिनिटांनी शेवटच्या रांगेतले एक सर उठले. त्यांचे ओठ हललेले बाईंना दिसले.

"यांनी काय विचारलं, ते शेजारच्या बाईंनी सांगावं," त्या सवयीने म्हणाल्या आणि हाताने खूण केली.

पुढच्या रांगेतल्या कोणीतरी ते मागे ओरडून सांगितलं, तेव्हा शेजारच्या बाईंनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांच्या पलीकडच्यांचंही नव्हतं. ते पेपर तपासत होते. प्रश्न खुर्चीमागून खुर्ची सरकत राहिला आणि कोणालाच सांगता येईना. शेवटी ते सर स्वतःच मंचाजवळ आले.

"बाई, तुमचा माइक बंद आहे. पहिल्यापासून. दुसऱ्या रांगेच्या मागे काहीच ऐकू येत नाही."

बाईंनी माइककडे पाहिलं, मग मागच्या रांगांकडे पाहिलं. वीस मिनिटं तिथे माना डोलत होत्या. त्यांना एकदम हलकं वाटलं. त्यांनी बटण दाबलं.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मी ही पद्धत काढली," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांचे कान चांगले आहेत. त्यामुळे तुम्हाला ती जरा जड जाईल."

आधी पुढची रांग हसली, मग सगळं सभागृह. मोबाइल पिशव्यांत गेले आणि दुपारपर्यंत कोणी मान उगाच डोलावली नाही.

चहाच्या वेळी साहेब बाईंच्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. इकडेतिकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "कानाचे चांगले डॉक्टर कोण आहेत हो?"

"मी सोमवारी जाते आहे. तुमचाही नंबर लावू?"

"लावा. किती वाजता?"

"पाच."

साहेबांनी हात कानामागे धरला. बाईंनी कप खाली ठेवला आणि त्यांना पाचही बोटं दाखवली.