नळाला हात लावू नये

घरातली कुठलीही वस्तू मी दुरुस्त करू शकतो. ही बढाई नाही. बढाई मारायला समोर कुणीतरी विश्वास ठेवणारं लागतं, आणि आमच्या घरात ती सोय नाही. पंखा मी दुरुस्त केला तेव्हापासून तो बंद करायचा तर अख्ख्या घराची वीज घालवावी लागते. पण फिरतो की नाही? दाराची घंटा मी दुरुस्त केली, ती आता दार उघडल्यावर वाजते. माणूस आत आल्याची खात्री पटल्याशिवाय उगाच बोंब मारायची नाही, यात मला तरी शहाणपणच दिसतं. बायकोचं मत वेगळं आहे. तिने घरातल्या निम्म्या वस्तूंवर ‘हात लावू नये’ अशा चिठ्ठ्या डकवल्या आहेत. मिक्सरवरच्या चिठ्ठीत तर ‘विशेषतः तुम्ही’ असंही लिहिलंय!

त्यामुळे बेसिनच्या नळावर तशीच चिठ्ठी दिसली तेव्हा ती बायकोचीच, असं मी धरून चाललो. अक्षर कुणाचं ते पाहिलं नाही. असल्या चिठ्ठ्या मी वाचत नाही, नुसत्या ओळखतो.

आमची मुलगी ठकी. आता ती सतरा वर्षांची आहे आणि चारचौघांत ‘ठकी’ म्हटलं की ओ देत नाही. पण कथेत काय, तिला विचारतंय कोण! तर ही ठकी विद्यार्थ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र स्पर्धेच्या मागे लागली होती. देशातून फक्त पाच मुलं निवडतात. एक प्रश्न घ्यायचा, घरच्या घरी महिनोन्‌महिने प्रयोग करायचे, आणि शेवटच्या फेरीत परीक्षकांना तो प्रयोग कॅमेऱ्यावर प्रत्यक्ष करून दाखवायचा. ठकी या शेवटच्या फेरीपर्यंत पोचली होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

बाप म्हणून मी लक्ष घातलं नाही असं कुणी म्हणू नये. मी सुरुवातीलाच विचारलं होतं, “विषय काय घेतलास?”

“कमी प्रवाहात द्रवबिंदूंच्या पतनकालातली अनियमितता,” ठकी म्हणाली.

“वा! चांगला आहे,” मी म्हणालो.

यापलीकडे कुठला बाप काय बोलला असता ते मला कुणीतरी सांगावं.

पुढे मला दिसायचं ते एवढंच, की कॉलेजातून आली की पोरगी बेसिनशेजारी स्टूल टाकून बसायची. वही मांडीवर, हनुवटी हातावर, नजर नळावर. तो नळ कित्येक वर्षं गळत होता. तो दुरुस्त करायचं मी कित्येक वर्षं मनावर घेतलं होतं. एकदा मी मागून गेलो तर ती स्वतःशीच पुटपुटत होती, “टप... टप टप... टप... बाई गं, डोकं फिरायची वेळ आली!”

माझ्या काळजात चर्र झालं. पोरगी एवढ्या मोठ्या परीक्षेला बसतेय आणि घरातला नळ तिला सुखाने अभ्यास करू देत नाही! तिने तिथेच येऊन का बसावं, हा प्रश्न मला पडला नाही. बापाचं हृदय असले बारकावे पाहत नाही.

शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी मायलेकी मावशीकडे चांगला कॅमेरा आणायला गेल्या. घरात मी एकटा. पाना काढला, पक्कड काढली, बेसिनखालचा कॉक बंद केला आणि नळ खोलला. आतला वॉशर झिजून चिंधी झाला होता. नवा घातला, आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, आवळला. कॉक उघडला.

एक थेंब नाही!

मी कान लावला. नळ मुका. मी चांगला स्टूल टाकून वाट पाहिली, नळ मुकाच! माझ्या हातून काहीतरी खरोखर दुरुस्त झालं होतं. आनंदाच्या भरात मी कचऱ्याची पिशवीसुद्धा स्वतः खाली नेऊन गाडीत टाकली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मायलेकी परत आल्या. ठकी दारातच थबकली.

“बाबा, आवाज कुठे गेला?”

“गेला!” मी छाती पुढे काढली. “कायमचा गेला! आता कर अभ्यास!”

ठकी धावत बेसिनपाशी गेली, आणि मग हळूच खाली फरशीवर बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी समजूत घालता आली असती.

“बाबा, तो नळच माझा प्रयोग आहे.”

“कुठला प्रयोग?”

“थेंब कसे पडतात त्याचा! हळू गळला की थेंब सारख्या अंतराने पडतात. जरा वाढवला की जोडीने पडतात. आणखी वाढवला की त्यांना काही धरबंधच राहत नाही. चार महिने मी हेच मोजतेय. उद्या हेच दाखवायचंय.”

“मग थोडासा उघडून ठेव की!” मी म्हणालो. “त्यात काय एवढं!”

तिने नळ केसाइतका फिरवला. काही नाही. आणखी केसभर फिरवला. भस्सकन धार लागली.

“बघितलंत? आता एक तर बंद, नाही तर धार. जुना वॉशर झिजलेला होता म्हणून मधलं सगळं मिळत होतं. कुठंय तो?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. कचऱ्याची गाडी केव्हाच गेली होती.

“नळावर चिठ्ठी लावली होती ना मी?” ठकी म्हणाली.

“मला वाटलं, तुझ्या आईने लावलीय.”

“म्हणजे मी लावलेली चिठ्ठी पाळायची नसते?” बायको म्हणाली. मी तातडीने प्लंबरला फोन केला.

प्लंबर आला. बॅटरी लावून त्याने नळ खालून-वरून पाहिला, फिरवला, परत फिरवला.

“काम कुणी केलंय हे?”

“मी,” मी खाल मानेने म्हणालो.

“साहेब, एक नंबर! असं काम आजकाल आमच्या लायनीतली पोरंसुद्धा करत नाहीत!”

आयुष्यभर ज्या वाक्यासाठी कान आसुसले होते ते वाक्य असल्या वेळी यावं! बायको आणि मुलगी दोघी माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. तरी खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्याच.

“आता तो गळका करून द्या,” बायको म्हणाली.

“काय करून देऊ?”

“गळका. होता तसा.”

प्लंबरने पाना पिशवीत घातला. “वहिनी, बापापासून धंदा करतोय मी. चुकून गळाला तर गळाला, पण मुद्दाम? उद्या बाजारात तोंड कसं दाखवू?” चहा पितो म्हणून तो बसला खरा, पण नळाकडे पाठ करून.

मग मी जिना उतरलो. एखाद्या शेजाऱ्याचा गळका नळ एका दिवसापुरता मागून आणावा, असा माझा बेत होता. पण आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी नुकतीच पाटी लावली होती, की ज्या घरात नळ गळताना सापडेल त्या घराचं पाणी बंद. त्यामुळे मी दार वाजवून “तुमच्याकडे नळ गळतो का हो?” असं विचारलं की लोकांचे चेहरे पांढरे पडायचे.

“आमच्याकडे? छे! एक थेंब नाही!” पहिल्या मजल्यावरच्या काकू दार अडवून म्हणाल्या. आतून स्वच्छ ऐकू येत होतं, टप, टप, टप.

“मग तो आवाज?”

“घड्याळ आहे,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी दार लावलं.

शेवटी मी खुद्द सेक्रेटरींकडे गेलो. त्यांच्या घरातून तर टपटप इतकी जोरात येत होती की मला भरून आलं. मी सगळी हकीकत सांगितली, पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे म्हणालो. ते गंभीरपणे म्हणाले, “तुमची अडचण कळते मला. पण नियम करणाऱ्याच्याच घरी नळ गळेल का?”

“नाही गळणार,” मी म्हणालो.

“मग झालं तर!” असं म्हणून ते आत गेले आणि टपटपीखाली काहीतरी फडकं ठेवल्याचा आवाज आला.

हात हलवत वर आलो तर ठकी फरशीवरून उठलेली. डोळे लाल, पण कपाळावर आठी. ही आठी पडली की ती विचार करतेय असं समजावं.

“बाबा, आजवर तुम्ही केलेली दुरुस्तीची किती कामं टिकली?”

“असं थेट विचारू नये मोठ्यांना.”

“एकही नाही. मग आजचंच का टिकलं? काहीतरी वेगळं झालं असणार. पाना तोच, हात तेच. काय वेगळं होतं?” तिने आईकडे पाहिलं. “आई घरात नव्हती!”

प्लंबरचा कप खाडकन बशीवर आपटला.

“म्हणजे माझ्यामुळे बिघडतं सगळं?” बायको म्हणाली.

“तसं नाही गं आई. दर वेळी तू बॅटरी धरतेस, सूचना देतेस, मग तुमचं भांडण होतं आणि बाबा चिडून काहीतरी आवळतात. आपल्याला फक्त परिस्थिती तीच करायची. बाबा, नळ परत दुरुस्त करा. आई, तू बॅटरी धर.”

विज्ञान हे असं असतं. चार ओळींत संसार मांडून मोकळं होतं!

मी नळ खोलला. बायकोने बॅटरी धरली. पण मुद्दाम भांडायचं म्हटलं की जमत नाही. ती म्हणाली, “सावकाश करा हं,” आणि मी म्हणालो, “हो हो, उजेड छान पडलाय.” कॉक उघडला. नळ ठणठणीत! ठकीने कपाळाला हात लावला. प्लंबर मात्र मनापासून म्हणाला, “वा!”

परत खोलला. आता बायको अस्वस्थ झाली होती.

“अहो, आधी टेप गुंडाळायची असते.”

“मला कळतं.”

“कळतं तर उलटी का गुंडाळताय?”

“उजेड इकडे धर म्हणजे सुलटी होईल!”

“इकडेच धरलाय! पंख्याच्या वेळीही असंच म्हणालात! बाजूला व्हा आणि प्लंबरना करू द्या, तुम्हाला नाही जमायचं!”

“नाही जमायचं? मला? आत्ता दाखवतो!” आता मला ना स्पर्धा आठवत होती ना ठकी. मी पाना धरला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून, अगदी प्रामाणिकपणे, वॉशर चेपून बसवला. आत काहीतरी ‘कट्’ झालं. कॉक उघडला.

“बघ! आता जन्मात गळणार...”

टप.

“हलू नका!” ठकी ओरडली. “कुणीही हात लावू नका!”

टप. टप. टप. तिने नळ अगदी किंचित फिरवला. टप-टप... टप-टप... जोडीने! आणखी किंचित. मग थेंबांचा असा काही गोंधळ उडाला की ठकीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. बायकोने बॅटरी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले. मीही पुसले असते, पण हाताला टेप चिकटली होती. प्लंबर पिशवी उचलून निघून गेला. त्याचा माझ्यावरचा विश्वास उडाला होता.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर ठकीने सगळं दाखवलं. आम्ही दोघं दाराआड उभे होतो. शेवटी एका म्हाताऱ्या परीक्षकाने खवचटपणे विचारलं, “हे सगळं याच एका नळाचं वैशिष्ट्य असेल. समजा, हा नळ कुणी दुरुस्त केला, तर हाच परिणाम पुन्हा मिळवून दाखवाल?”

“कालच मिळवला, सर.”

“कसा?”

“वडिलांकडून दुरुस्त करून घेतला,” ठकी म्हणाली. “आई बॅटरी धरून होती.”

पडद्यावरचा तो म्हातारा खो खो हसत सुटला. मला वाटतं, तो विवाहित असावा.

ठकी पाचांत आली! परदेशी जाताना ती आम्हाला दारात कडकडून बिलगली. ती गेल्यावर घर इतकं शांत झालं की नळाची टपटप ऐकू यायची आणि बायको आणि मी एकमेकांकडे पाहायचो नाही. शेवटी बायको म्हणाली, “पुरे झालं. मी मावशीकडे जाऊन बसते. तुम्ही एकटे असताना करा, म्हणजे टिकेल. लेक सांगून गेलीय.”

मी एकट्याने, शांतपणे, नवा वॉशर घालून नळ दुरुस्त केला.

तो गळतोय.

ठकीचा निष्कर्ष साफ चुकीचा निघाला. स्पर्धा तोंडावर असताना पोरीचा हिरमोड नको, म्हणून मी हे तिला कळवायचं नाही असं ठरवलं. पण बायको निर्दोष सुटली होती, ती कुठली गप्प बसते! नळ गळतोय हे कळताच तिने मावशीकडूनच फोन लावला. ठकी जराही डगमगली नाही. म्हणाली, “आई, एकदा करून काहीच सिद्ध होत नसतं. बाबांना पुन्हा करायला सांग. निदान वीसदा.”

तेव्हा हल्ली दर रविवारी बायको मावशीकडे जाते आणि मी नळ दुरुस्त करतो. अजून पुष्कळ वेळा करायचंय, त्यामुळे आत्ताच निकाल सांगणं शास्त्राला धरून होणार नाही. बेसिनखालची बादली तेवढी आम्ही मोठी घेतलीय.