उजव्या हाताचा दाणा

गोदामावशी आजाऱ्याशी भांडतात. त्याच्या नातेवाइकांशी नव्हे. खुद्द खाटेवर पडलेल्या, तोंड वाकडं झालेल्या त्या बिचाऱ्याशी! आणि त्यासाठी जळगाव जामोदचे लोक ऑटो पाठवून त्यांना घरी आणतात.

माझ्या बाबांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. एसटी चालवताना अख्ख्या रस्त्याला शिव्या घालणारा माणूस मुका होऊन छताकडे बघत पडला. आम्ही घरात कुजबुजत वावरायचो. डॉक्टरांनी बजावलं, "त्यांच्याशी बोलत राहा, हात हलता ठेवा. अशा कामाची सवय असलेली बाई मिळाली तर बघा." मिळाली ती ही.

आल्या आल्या मावशींनी माझी खुर्ची बाबांच्या डावीकडून उचलून उजवीकडे आपटली. "सुन्न बाजूनं बस बे पोट्ट्या! नाही तं थे तिकडं पाहनंच सोडून देतीन." मी चाळिशीचा पोट्टा निमूट बसलो. मग त्या बाबांकडे वळल्या. "कोन्तं गाव तुमचं, ड्रायव्हरसाहेब?" आईनं सांगितलं, "बीबी." "बीबी? थे बी काही गाव हाय का!"

बाबांनी डोळे वटारले. आई घाबरली. ही बया दुसरा झटका आणणार, असं मला वाटलं.

मग रोज दुपारी बीबीचा उद्धार सुरू झाला. अंग पुसताना बीबीचं पाणी, हात चोळताना बीबीचे जावई, कूस बदलताना बीबीचा बाजार. शेजारीपाजारी दारात उभं राहून ऐकायचे.

पुढे बाबा नीट गिळायला लागले, तशी भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगांची टोपली आली. मावशींनी कायदा सांगितला, "डाव्या हातानं सोललेल्या माह्या. उजव्यानं सोललेल्या तुमच्या." बाबा डाव्या हातानं भराभर सोलायचे आणि मावशी समोर बसून मचमच खायच्या. "बीबीवाले दानशूर हायेत बापा!"

एका दुपारी बाबांनी उजव्या हातात शेंग धरली. बोटं थरथरली, कपाळाला घाम आला. शेंग फुटली आणि एक दाणा मांडीवर पडला. आम्ही बघतोय, तेवढ्यात मावशींनी तो उचलून तोंडात टाकला.

"माझा!" बाबा ओरडले. "मा... झा! चोर!"

मी रडलो, त्याची मला लाज नाही. मावशी मात्र दाणा तोंडात तसाच धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आमच्या घरधन्यायले लकवा झाला," त्या म्हणाल्या, "तं सारे म्हने, तरास नका देऊ त्यायले. मी तोंड शिवून सेवा केली. थे बी चूपचाप गेले. एक शबुद नाही बोलले."

आता बाबा काठी धरून ओसरीपर्यंत येतात, तुटक बोलतात. काम संपलं म्हणून आम्ही मावशींना साडी दिली. त्यांची पिशवी काही केल्या आवरून होईना.

"आता घरी जाऊन काय करणार?" आईनं विचारलं.

"काय करनार? भिताडासंग बोलनार. थे उलटून बोलत नाही."

त्या दारापर्यंत गेल्या, तशी बाबांनी हाक मारली.

"उद्या... या."

"काऊन? बरे झाले ना तुमी."

बाबांनी उजव्या हातानं शेंगांची टोपली हळूहळू त्यांच्याकडे सरकवली. "भां... डायला."

मावशींनी पदरानं नाक पुसलं.

"येईन," त्या म्हणाल्या. "पन बीबी भिकारच हाय!"