हिरव्या किडीची बिस्किटं

दिवाळीच्या पाडव्याले वर्षालीनं भर अंगणात जाहीर करून टाकलं, "संक्रांतीच्या आत मी बेकरी टाकतो! आन् अशी बिस्किटं करतो, का डॉक्टर सोता कागदावर लिहून देईन, सकाळी दोन, संध्याकाळी दोन!"

अंगणात तवा तिचा बाप रूपराव होता, माय जयवंता होती आन् एक गाय होती. मान हलवली ते फक्त गायीनं.

वर्षाली सतरा वर्षाची. शाळा नववीत सोडली. सोडली म्हणजे काय, गणिताचे मास्तर म्हणाले, "तुह्या डोक्यात भुसा भरला हाय!" हे म्हणाली, "मंग बैल घेऊन या चाराले!" आन् दप्तर उचलून जे घरी आली ते आलीच. डोकं असं गरम, का कपाळावर पापड भाजून घ्यावा! तवापासून दुपारभर टीव्हीसमोर बसे. टीव्हीत एक बाई रोज केक करे. तिचा हात भाजत नाई, केस इस्कटत नाई, आन् भांडे घासाले दुसरंच कोनी! वर्षालीनं ठरवलं, धंदा करावा त असा.

अडचण एकच होती, जागेची. रूपरावच्या घराची पुढची खोली बरोबर यष्टीच्या थांब्यासमोर. दार रस्त्यावर. समुद्रपूरले जाणारं अख्खं गाव त्या दारासमोर अर्धा-अर्धा तास तिष्ठत उभं राहे. बेकरीले याच्याहून झकास जागा सापडणार नाई! पण त्या खोलीत होता कापूस. खाली कापूस, वर कापूस, खिडकीतून बाहेर डोकावते तोही कापूस. भाव वाढन म्हणून रूपरावनं तो दाबून ठेवला होता.

"खोली मांगतं?" रूपराव म्हणाला. "मंग माह्यी अट आयक. मले चालन असं बिस्किट करून दाखव. साखर नाई, डालडा नाई, आन् तोंड वाकडं न करता म्या खाल्लं पाह्यजे. त्या दिवशी खोली तुही!"

अट सोपी नव्हती. रूपरावले शुगर होती. डॉक्टरनं साखर बंद केली, त त्यानं चहातली साखर इमानदारीनं बंद केली. पण त्याच बिनसाखरेच्या चहात अर्धा पुडा बिस्किटं बुडवून खाये! कोनी बोललं त म्हणे, "बिस्किट त आजाऱ्याले देतेत!"

यावर उपाय आणला मोठ्या भावानं. कैलास बंगलोरले नोकरीवर. दिवाळीच्या सुट्टीत त्यानं सहा हिरवे फळं आणले. दिसाले मोठ्या जांबावानी, हाताले दगड.

"अवोकाडो!" कैलास म्हणाला. "तिकडं बटर फ्रूट म्हणतेत. डालड्याच्या जागी याचा गर घालाचा. कोको टाकाचा, गूळ टाकाचा. हेल्दी चॉकलेट कुकीज!"

"कुकीज म्हंजे?" जयवंतानं इचारलं.

"बिस्किटच माय. महाग असलं का कुकीज म्हणतेत."

एक फळ तिथंच कापलं. सुरी अर्ध्यात अडकली. रूपरावनं एक फोड चघळून पाह्यली आन् गंभीरपणे म्हणाला, "कैलास, तुले कोनं फसवलं रे? हा कपडे धुवाचा साबन हाय."

"पिकलं नाई बाबा! चार-पाच दिवसानं लोण्यासारखं होते!" म्हणून कैलास सांगून गेला आन् दुसऱ्या दिवशी बंगलोरची गाडी धरली.

आता पिकवाचं कसं, हे काही टीव्हीवालीले इचारा लागत नाई. सीताफळं कुठं पिकतेत? कापसात! ऊब अशी, का दगडालेही पाझर फुटावा. वर्षालीनं खांद्यापर्यंत हात घालून राहिलेले पाचही फळं गंजीत खोल खुपसले.

"बाबाले सांगू नको बरं माय. कापूस उकरला म्हणून कावतीन."

"मी काऊन सांगू?" जयवंता म्हणाली. आन् तिनं खरंच नाई सांगतलं. साऱ्या घोळाची सुरुवात इथंच झाली!

पाचव्या दिवशी वर्षाली कोको पावडर आनाले हिंगणघाटले गेलती. दुपारी यष्टीतून उतरली, समोर पाह्यते त काय, पुढच्या खोलीचं दार सताड उघडं! आत कापसाचं बोंड नाई! फरशी झाडून पुसून अशी लख्ख, का तोंड पाहून घ्यावं.

"माय! कापूस कुठं गेला?"

"तुह्या बाबानं बैलबंडी भरून समुद्रपूरले बंडूजीच्या जिनिंगवर नेला. मी देवळात गेलती, आली तवा खोली रिकामी!"

"आन् माहे फळं?"

जयवंतानं पदराखालून दोन फळं काढले. "हे दोन दाराशी पडलेले भेटले. नरम झाले बाई."

दोन इथं. म्हणजे तीन बंडीत! वर्षालीनं कोकोचा पुडा मायच्या हातात कोंबला, सायकल काढली आन् समुद्रपूरच्या रस्त्याले अशी निघाली, का मांगून येणारी यष्टीही मांगंच राह्यली.

बंडूजीच्या जिनिंगच्या आवारात ही गर्दी! मधात रूपरावची बंडी. बंडीजवळ घरचा गडी तानबा डोक्याले हात लावून बसलेला. बंडूजी नाकाले रुमाल लावून उभे. आन् बंडीवर चढून, हातात भिंग घेऊन, एक साहेब कापसात वाकलेले. हे नागपूरहून आलेले किडीचे साहेब. समुद्रपूरले बोंडअळीचं शिबिर होतं, शिबिराले शेतकरी आले नव्हते, म्हणून साहेब मोकळेच होते.

"तानबा, काय झालं रे?"

"काय सांगू वर्षाबाई! कापूस भरताना म्या पायानं तुडवला, जसा दरसाल तुडवतो. पायाखाली काहीतरी पचपच लागलं. मले वाटलं बेंडूक असन."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"मालक घाईत होते ना! म्हने, भाव गेला चुलीत, पोरीले खोली रिकामी करून द्याची हाय. बिस्किट जमो का नाई जमो. तिले सांगू नको म्हने, घरी येऊन पाहीन त खूश होईन."

वर्षालीनं रस्ताभर बापासाठी जेवढे शब्द गोळा केलते, ते सारे तिनं तिथंच टाकून देले. तिकडं रूपराव बंडीच्या चाकाले धरून उभा होता. चेहरा असा, का पोराच्या लग्नात मांडव कोसळला.

साहेबानं कापसाचा एक गोळा उचलला. वरून काळपट, आत हिरवागार, हाताले चिकट! तीन फळांनी तानबाच्या पायाखाली अर्धी बंडी रंगवलती.

"हा स्राव बघा," साहेब म्हणाले. "आणि हा... हा कोष!" त्याईनं लिंबाएवढी गुळगुळीत बी चिमटीत धरून उन्हात फिरवली. "बावीस वर्षांच्या नोकरीत अशी कीड मी पाहिली नाही!"

"साहेब," बंडूजीनं रुमालातून इचारलं, "कोष एवढा, त पाखरू केवढं होईन?"

साहेबानं हात पसरून वीतभर दाखवलं. गर्दी वाढली तसे हात आपोआप लांब झाले. शेवटी पाखरू घारीएवढं झालं! लोक दहा पावलं मांगं सरकले. एकानं त आपली बकरी उचलून काखेत घेतली.

"साहेब, ते फळ हाय!" वर्षाली वरडली. "बंगलोरचं फळ! कापसात पिकाले ठेवलतं म्या!"

साहेबानं भिंगातूनच तिच्याकडं पाह्यलं. "शिक्षण किती?"

"नववी."

"मग बाळ, शांत उभी राहा. हे शास्त्राचं काम आहे."

गर्दी हासली. वर्षालीचे कान तापले. साहेबानं तिथल्या तिथं नागपूरले फॅक्स ठोकला, एका पेपरवाल्याले बोलावून कोषासकट फोटोही काढून घेतला. बंडूजी म्हणाले, "रूपरावजी, माफ करा, पण हा कापूस माह्या आवारात नको. माह्या गंज्याले लागन हा रोग."

म्हणजे बंडी परत घरी! कापूस परत त्याच खोलीत! दाराले सुतळी, सुतळीले लाख, लाखेवर साहेबाचा शिक्का. नागपूरचा अहवाल येईपर्यंत दाराले हात लावाचा नाई. "अहवाल किती दिवसात येते साहेब?" रूपरावनं इचारलं. साहेब म्हणाले, "लवकर. मागचा एक चार वर्षांत आला."

चार वर्ष! वर्षालीनं त्या लाखेकडं असं पाह्यलं, का ते नजरेनंच वितळन.

साहेब ओसरीवर बसून तीन प्रतीत पंचनामा लिहू लागले. पंच म्हणून बंडूजी संगंच आलते. जयवंतानं चहा ठेवला. आन् वर्षाली चुलीपाशी गेली. ते दोन फळं ताटात आपटले, गर काढून असा रगडला, जसं काही साहेबाचंच डोकं हाय! कोको ओतला, गूळ ठेचला, गव्हाचं पीठ मळलं. मोठ्या पितळी गंजात रेती टाकली, वर झाकण, खाली दनदन जाळ. बिस्किटं थापली त काही गोल, काही चौकोनी, एक त वर्धा जिल्ह्याच्या नकाशावानी! रागात आकार कोन पाह्यते?

इकडं साहेबाची दुसरी प्रतच चालू होती. घरभर वास सुटला. साहेबाचा पेन थांबला. बंडूजीनं रुमाल खाली घेतला. वर्षालीनं ताटली आणून आदळली.

"घ्या!"

साहेबानं एक घेतलं. मंग दुसरं घेतलं. तिसऱ्याच्या टायमाले ताटलीच जवळ ओढली. रूपरावनं उदास तोंडानं एक उचललं, चहात न बुडवताच चावलं. थांबला. परत चावलं. वर्षाली त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली. तोंड वाकडं नाई झालं! उलट त्यानं दुसरं उचललं!

"साखर नाई?" त्यानं हळूच इचारलं.

"गूळ, तोही थोडासा. आन् डालड्याचा थेंब नाई."

"पोरी..." रूपराव म्हणाला, आन् बंद दारावरच्या लाखेकडं पाहाले लागला.

"अप्रतिम!" साहेब म्हणाले. पाचवं तोंडात होतं. "इतकं मऊ! काय घातलं यात?"

वर्षालीनं ओच्यातून एक बी काढली आन् ताटलीत ठेवली, टक्कन.

"तुमची कीड, साहेब. कोष तेवढा बाजूले काढला."

साहेबाचा जबडा अर्ध्यात थांबला. त्याईनं खिशातून कागदात गुंडाळलेला आपला कोष काढून बाजूले ठेवला. दोन्ही एका मायच्या पोटचे! बंडूजीले ठसका लागला. हासण्याचा होता का चहाचा, ते कळलं नाई.

"फॅक्स गेला हो," साहेब बारीक आवाजात म्हणाले. "उद्या पेपरात फोटो येणार. माझा! कोषासकट! आता फळ होतं म्हणून कसं लिहू?"

वर्षालीचं डोकं जेवढं गरम, तेवढंच जोरात चाले. ती साहेबाच्या समोर मांडी घालून बसली.

"नका लिहू. तुमची कीड राहू द्या साहेब, मी कोनाले सांगत नाई. फक्त एवढं लिहा, का असा कापूस माणसाच्या घरात ठेवनं लय धोक्याचं हाय. जिवाले अपाय होऊ शकते. म्हणून ताबडतोब जिनिंगले नेऊन रेचावा, सरकी-रुई अलग करून टाकावी, म्हंजे कीड मरन."

साहेबानं भिंग बाजूले ठेवून तिच्याकडं पाह्यलं. "नववी ना?"

"हाव. नापास नाई. सोडली."

"धोका... थोडा वाढवून लिहू का?"

"लिहा ना! चांगला भरपूर लिहा!"

साहेबाच्या जिवात जीव आला. पेन असा पळाले लागला, जशी सून सासरहून माहेरी! बंडूजी म्हणाले, "डागाचा तेवढा काढून टाका रूपरावजी, बाकीचा घेतो म्या." लाख फुटली. संध्याकाळच्या आत खोली परत रिकामी! साहेब उरलेली बिस्किटं रुमालात बांधून जीपमधी बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रूपरावनं सोताच्या हातानं त्या खोलीत नारळ फोडला. वर्षालीनं पत्र्यावर चुन्यानं पाटी रंगवली, "वर्षाली बेकरी. साखर नाई, डालडा नाई." थांब्यावरचे लोक यष्टी सोडून पाटी वाचू लागले. पेपरात साहेबाचा फोटो आलता, पण वर्षालीनं त्याच्याकडं ढुंकून नाई पाह्यलं. आजपासून ती धंदेवाली बाई!

दहा वाजता जीप थांबली. साहेबाचा शिपाई उतरला, एका हातात कागद, दुसऱ्यात खळीचा डबडा. त्यानं कागदाले खळ लावली आन् पाटीच्या बरोबर खाली दारावर चिकटवला.

वर्षालीनं मोठ्यानं वाचलं, "सदर खोलीत मानवी जीवितास अत्यंत धोकादायक अशा अज्ञात किडीचा वावर आढळल्याने, पुढील एक वर्ष सदर खोलीत कोणताही खाद्यपदार्थ तयार करणे, साठवणे अथवा विकणे यास सक्त मनाई..."

"हे कोनं सांगतलं लिहाले?" ती अशी वरडली, का थांब्यावरची यष्टी वाजली म्हणून दोघंजण धावले.

"ताई, खाली तुमचंच नाव हाय ना," शिपाई बोट ठेवून म्हणाला. "हे पाहा. 'शेतकरी कन्या कुमारी वर्षाली यांनी धोका निदर्शनास आणून दिल्यानुसार.' साहेब म्हने, पोरगी मोठी हुशार हाय."

वर्षालीनं आपलंच नाव दोनदा वाचलं. शिपायानं हात पुसले, इकडं-तिकडं पाह्यलं, पिशवीतून स्टीलचा एक रिकामा डबा काढला आन् आवाज बारीक केला.

"आन् ताई, साहेबानं काल्लची बिस्किटं मांगतली हायेत. बाईसाहेबाईले लय आवडली म्हने. पण खोलीत नका करू बरं, मांगच्या दारानं करा."