सोडून दिलेला मासा

"खरा मासेमार पकडलेल्या माशावरून ओळखला जात नाही, सोडलेल्या माशावरून ओळखला जातो," असे एल्विओ बारबिएरीने चिमेउइन नदीच्या गुडघाभर पाण्यात उभे राहून जाहीर केले, काठी मागे नेली, झोकात पुढे झटकली आणि गळ स्वतःच्याच टोपीत रुतवून घेतला.

काठावर विणत बसलेल्या ओफेलियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सुयांवरची नजर काढली नाही. "मग तिलाही सोडून दे," ती म्हणाली.

एल्विओचे रोसारिओला औषधांचे दुकान होते. लग्नापासून दर उन्हाळ्यात तो दुकानाला कुलूप लावून दक्षिणेचा रस्ता धरायचा, वाटेतली सगळी धूळ खायचा आणि कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी गळाला बांधून या नदीत ट्राउट धरायचा. धरलेला मासा अलगद परत सोडायचा, हा इथला नियम. त्यामुळे दरवर्षी तो घरी यायचा ते सोललेले नाक आणि रिकामी पिशवी घेऊन. दारातच दोन्ही हात फाकवून सांगायचा, "एवढा होता." ओफेलिया त्या दोन हातांच्या मधल्या जागेत बघायची. तिथे एल्विओचा शर्ट दिसायचा. फोटो का नाही, असे विचारले तर म्हणायचा, फोटो काढेपर्यंत माशाचा जीव जातो.

शेजारणी ओफेलियाच्या मनात भलतेसलते भरवू बघत. ती म्हणायची, "बाई असती तर कळलं असतं गं, बाईचा वास येतो. याला तर माशाचासुद्धा वास येत नाही."

शेवटी या वर्षी करार झाला. ओफेलिया बरोबर येणार. तिला स्वतःच्या डोळ्यांनी मासा दिसला, तर इथून पुढे दर उन्हाळ्यात नदी. नाही दिसला, तर मार देल प्लाताचा समुद्र, आणि तोही तिच्या बहिणीच्या घरी. एल्विओला समुद्राचे वावडे नव्हते. पण साडू दांते विनोद सांगायचा आणि लगेच तो समजावूनही सांगायचा.

आज मुक्कामाचा शेवटचा दिवस होता आणि माशांना कराराची काही पडलेली नव्हती.

एल्विओने टोपी सोडवली. "तुला सांगितलं होतं, मागे बसू नकोस. दोरी पुढे जायच्या आधी मागे येते."

"सावली मागे आहे," ओफेलिया म्हणाली. "नदी हलव."

त्याने पुन्हा काठी मागे नेली. या खेपेला मागे काहीतरी अडल्यासारखे वाटले, म्हणून त्याने जोर लावला. नातवाच्या स्वेटरची लाल बाही सुईसकट त्याच्या डोक्यावरून उडत गेली आणि नदीत पडली. तिच्यामागून लोकरीचा गुंडा पिशवीतून उसळला, उतारावरून घरंगळला आणि पाण्यात पडून वळणापलीकडे निघूनही गेला.

एल्विओने दोरी ओढून बाही परत आणली. गळ सोडवताना लाल लोकरीचा एक झुबका त्याच्या खोट्या माशीलाच चिकटून राहिला. बाहीतून निघालेला धागा मात्र पाण्यावरून लांबच लांब पसरला होता.

"मी तो तोडून..."

"तोडायचा नाही," ओफेलिया म्हणाली. "कातामार्काहून मागवलीय ती लोकर. हा रंग परत मिळायचा नाही. ज्यानं घालवली त्यानं आणायची."

एल्विओने काठी तिच्या हातात दिली. जमिनीवर ठेवू नकोस, टोक मोडेल. नुसती धर, काही करू नकोस, असे दोनदा बजावले आणि धागा गोळा करत तो पाण्यातून निघाला.

वळणापलीकडे कमरेइतक्या पाण्यात तो धागा ओढत असताना काठावरून आवाज आला. नदीचा रखवालदार हुएन्चुल उभा होता.

"साहेब, इथं फक्त माशीनं मासे धरायचे. दोरी लावून ठेवायला बंदी आहे."

"ही लोकर आहे."

"पकडल्यावर प्रत्येकाची दोरी लोकरच होते. त्या टोकाला काय लावलंय?"

"स्वेटरची बाही."

हुएन्चुलने धागा निरखून पाहिला. या नदीत त्याने मक्याचे दाणे लावणारे पाहिले होते, चीज लावणारे पाहिले होते, एका भल्या गृहस्थाने तर अख्खा सॉसेज लावला होता. बाही नवीन होती. जागेची पाहणी करावी लागेल, असे तो म्हणाला. काठच्या झाडाच्या मुळांमध्ये अडकलेला गुंडा त्याने काढला आणि पुराव्याचा गुंता होऊ नये म्हणून लहानपणी आईपुढे बसायचा तसे दोन्ही हात पुढे केले. एल्विओ त्याच्या हातांवर धागा गुंडाळत गेला आणि दोघे वरातीच्या चालीने परत आले.

ओफेलिया बुटांसकट पाण्यात उभी होती. झगा पायांना चिकटलेला, केस सुटलेले, आणि चेहरा असा, की मुलगी झाली त्या दिवसानंतर एल्विओने तो पाहिला नव्हता.

"आला होता," ती म्हणाली.

"कोण?"

"मासा. मी नुसतीच धरली होती रे. टोक पाण्यात टेकलं आणि कुणीतरी हात धरून ओढावं तशी ओढ लागली. मग जवळ आला. पोट पिवळं, अंगभर ठिपके. त्यानं माझ्याकडे बघितलं, एल्विओ."

"मग?"

"मग काय? हात ओला केला, तू सांगतोस तसा, आणि सोडून दिला."

"केवढा होता?"

ओफेलियाने काठी काखेत धरून दोन्ही हात फाकवले. एल्विओने मधल्या जागेत पाहिले. तिथे तिचा झगा दिसत होता.

त्याने आशेने हुएन्चुलकडे पाहिले. हुएन्चुलने हातांवरच्या लोकरीकडे पाहिले. "असतात, बाई," तो म्हणाला. "एवढे असतात." हे तो रोज कुणाला ना कुणाला म्हणत असणार, इतके ते सराईत होते.

'फोटो?' हा शब्द एल्विओच्या ओठांपर्यंत आला. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आले की ओफेलियाला स्वतःच्या डोळ्यांनी मासा दिसला होता. करार पुरा झाला होता. त्या माशावर शंका घेणारा माणूस थेट दांतेच्या अंगणात जाऊन बसणार होता.

मग त्याने तिचे हात पाहिले. ते थरथरत होते. पहिल्या माशाच्या वेळी त्याचेही असेच थरथरले होते, आणि ते त्याने कुणाला सांगितले नव्हते. गळावरचा लाल झुबकाही आता नव्हता.

"सुंदर असणार," तो म्हणाला.

"असणार नाही. होता."

"होता."

बाहीसाठी कायद्यात कलम नाही, असा निकाल देऊन हुएन्चुल निघून गेला. एल्विओ सावलीत बसला, थर्मासमधले पाणी घालून नळीने 'माते' हा कडू चहा ओढू लागला. ओफेलियाने काठी पुढे झटकली, जरा वाकडीच.

"पुढच्या वर्षी आठवडाभर आधी येऊ," ती म्हणाली.

एल्विओचे डोळे भरून आले. इतक्या उन्हाळ्यांत या पाण्यात उभे राहून त्याला एकच गोष्ट कमी वाटली होती, आणि ती आज त्याच्यासमोर बूट भिजवून उभी होती. हे एकदा तिला सांगून टाकावे म्हणून त्याने घसा खाकरला.

"ओफेलिया..."

"अरे म्हाताऱ्या," वळूनही न बघता ती म्हणाली, "जरा बाजूला सरकून बस. दोरी अडकते मागे."